संथ हालचालींवर घाईचा निकाल

२७ एप्रिल २०१७ रोजी चीनमधील चेंगडू शहरात मिश्र युद्धकलेचे प्रशिक्षक शू श्याओदोंग आणि ताइचीचे गुरू म्हणून वावरणारे वेई लेई यांची लढत झाली. ती अर्धा मिनिटही टिकली नाही. वेई लेई खाली कोसळले, त्यांच्यावर ठोशांचा वर्षाव झाला आणि मध्यस्थाने लढत थांबवली. काही दिवसांत ही चित्रफीत जगभर पोहोचली आणि तिच्या आधारे एक मत पक्के झाले.

ते मत असे: चिनी पारंपरिक युद्धकला लढण्याच्या कामाची नाही. व्यायाम म्हणूनही ती अपुरी आहे, कारण इतक्या संथ हालचालींनी अंगाला काही लागत नाही. आणि मनाच्या एकाग्रतेबद्दल जे बोलले जाते, तो ही उणीव झाकण्यासाठी मागाहून चढवलेला मुलामा आहे. ज्याला लढायचे आहे त्याने बॉक्सिंग शिकावे, ज्याला तब्येत कमवायची आहे त्याने धावावे, ज्याला मन शांत करायचे आहे त्याने डोळे मिटून बसावे. तिन्ही गोष्टी एकाच साधनेत शोधणाऱ्याच्या हाती एकही धड लागत नाही. हे मत आज इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरजही वाटत नाही. म्हणूनच त्याचा एकेक भाग तपासायला हवा. तपासल्यावर त्यातला एकही भाग टिकत नाही.

आधी चेंगडूची लढत. तिने नेमके काय सिद्ध केले? एका माणसाने प्रतिकार करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर हात चालवण्याचा वर्षानुवर्षे सराव केला होता; दुसऱ्याने तसा सराव केल्याची एकही खूण त्या काही सेकंदांत दिसली नाही. पहिला जिंकला. यात ताइचीचा पराभव कुठे झाला? शू श्याओदोंग यांनी स्वतः आपली मोहीम भोंदूंविरुद्ध असल्याचे सांगितले होते. भोंदू उघडा पडला म्हणजे ज्या विद्येचे नाव तो वापरत होता ती विद्याच खोटी ठरते, हा निष्कर्ष प्रेक्षकांनी काढला, आणि तो तर्काला धरून नाही. स्पर्श न करता माणसे पाडून दाखवणारे तथाकथित गुरू चीनमध्ये आहेत आणि चीनबाहेरही आहेत. त्यांचा प्रयोग फक्त त्यांच्याच शिष्यांवर यशस्वी होतो. त्यांना उघडे पाडणाऱ्याचे आभारच मानायला हवेत. पण त्यांच्या फसवणुकीचे खापर शिक्षणपद्धतीवर फोडणे ही वेगळीच चूक आहे.

ती पद्धत कशी असते, हे टीकाकारांनी पाहिलेले नसते. चिनी युद्धकलेच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शाखेत शिक्षणाचे थर असतात. सुरुवात नुसते उभे राहण्याने आणि पवित्र्यांनी होते. मग ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका, म्हणजे ताओलू येते. त्यानंतर जोडीदाराबरोबरचा सराव: ताइचीमध्ये तुइशौ, म्हणजे हाताला हात लावून एकमेकांचा तोल काढणे, विंग चुन या शाखेत ची साओ, म्हणजे चिकटलेल्या हातांचा सराव. याच्या जोडीला सांधे अडकवण्याचे डाव, फेकण्याचे डाव, आणि शेवटी मोकळी झुंज. बाहेरच्या माणसाला बागेत पहाटे दिसतो तो यातला फक्त दुसरा थर.

महाराष्ट्रातल्या तालमीत ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या पोराला कुणी विचारत नाही की जोर काढून समोरचा चीत कसा होणार. जोर-बैठकांनी अंग तयार होते, खडाखडीत हाताला समोरच्याचे वजन कळते, आणि डाव मातीत उतरल्यावरच पक्का होतो. हौद्यातली माती उपसून टाकली, नुसते जोर ठेवले आणि मग कुस्ती निरुपयोगी आहे असे जाहीर केले, तर दोष कुस्तीचा की माती उपसणाऱ्याचा?

चिनी युद्धकलेच्या बाबतीत असे उपसणे खरोखर घडले, आणि ते कधी व का घडले हे इतिहासात स्पष्ट दिसते. सोळाव्या शतकात चाच्यांच्या टोळ्यांशी लढणारे मिंग सेनापती छी जिग्वांग यांनी सैन्याच्या शिक्षणासाठी ‘जिश्याओ शिनशू’ हा ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या घराण्यांतून निवडलेले निःशस्त्र झुंजीचे ३२ पवित्रे आहेत. मोठ्या लढाईचा निकाल रिकाम्या हातांनी लागत नाही, हे त्यांनी तिथेच नोंदवले. पण हातपाय मोकळे होणे, शरीराला श्रमांची सवय लागणे आणि शस्त्रविद्येत प्रवेश मिळणे यासाठी हा सराव पाया आहे, असेही सांगितले. दिखाऊ हालचालींवर त्यांनी कडक टीका केली. म्हणजे आजच्या टीकाकारांना आपण लावलेला शोध वाटतो, तो भेद एका सेनापतीने साडेचारशे वर्षांपूर्वी करून ठेवला होता, आणि तो करूनही त्याने ही विद्या टाकून दिली नव्हती. हेनान प्रांतातल्या चेनच्यागो गावी सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांच्यापासून जी परंपरा सुरू झाली असे मानले जाते, तिच्यातल्या अनेक पवित्र्यांची नावे छी जिग्वांग यांच्या ३२ पवित्र्यांशी जुळतात. ताइचीचे मूळ अशा लष्करी मातीत आहे.

एकोणिसाव्या शतकात यांग लूचान यांनी चेनच्यागोमध्ये ही विद्या घेतली आणि बीजिंगमध्ये शिकवली. त्यांचे नातू यांग चंगफू यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या, सलग आणि एकसारख्या संथ हालचालींची पद्धत लोकांपर्यंत नेली, त्यामुळे शहरी नोकरदार आणि वयस्कर माणसेही शिकू लागली. तरीही झुंज संपली नव्हती. १९२८ मध्ये नानजिंग येथे मध्यवर्ती क्वोशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने घेतलेल्या राष्ट्रीय परीक्षेत निरनिराळ्या घराण्यांचे लोक एकमेकांशी प्रत्यक्ष भिडले. पुढच्या वर्षी हांगचौमध्येही अशाच लढती झाल्या. या लढतींत घराण्यांचे मोठे दावे अनेकदा कोलमडले, आणि त्यातून सर्वांना धडा मिळाला. ज्या परंपरेवर ‘स्वतःला कधी तपासले नाही’ असा आरोप होतो, तिने हे शंभर वर्षांपूर्वी उघड्या मंचावर केले होते.

१९४९ नंतर चित्र पालटले. नव्या सरकारला युद्धकला हवी होती ती लोकांच्या आरोग्यासाठी आणि प्रदर्शनासाठी. झुंजीच्या स्पर्धा मागे पडल्या. १९५६ मध्ये क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरून २४ हालचालींची सोपी ताइची तयार करवली. पाच-सहा मिनिटांत पूर्ण होणारी ही मालिका आज जगभरच्या बागांमध्ये चालते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने तो उत्तम निर्णय होता, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ती मालिका म्हणजेच संपूर्ण ताइची, असे मानून तिच्याकडून झुंजीची अपेक्षा करणे आणि ती पूर्ण झाली नाही म्हणून सगळ्या परंपरेला निकालात काढणे, हे अज्ञान आहे.

झुंजीची बाजूही कायमची बंद राहिली नाही. १९७९ पासून चीनमध्ये सान्दाचे प्रयोग सुरू झाले: ठोसे, लाथा आणि फेकण्याचे डाव एकत्र असलेली, पूर्ण ताकदीची लढत. तिचा मोठा भाग श्वाइज्याओ या जुन्या चिनी कुस्तीतून आला आहे. १९९१ मध्ये बीजिंगला झालेल्या पहिल्या जागतिक वुशू स्पर्धेतही सान्दा होती. मिश्र युद्धकलेच्या खेळाडू झांग वेइली यांची घडण याच सान्दामध्ये झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये शेन्झेन येथे जेसिका आंद्राजे यांना ४२ सेकंदांत हरवून त्या यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या स्पर्धेच्या पहिल्या चिनी विजेत्या ठरल्या. चेंगडूच्या काही सेकंदांवरून निकाल देणाऱ्यांनी शेन्झेनच्या ४२ सेकंदांकडे दुर्लक्ष का करावे? भारतातही उदाहरण दूर नाही. मणिपूरच्या नाओरेम रोशिबिना देवी यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सान्दामध्ये कांस्यपदक मिळवले, आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ स्पर्धेत ६० किलो गटात रौप्य. सान्दा आधुनिक आहे, म्हणून ती या परंपरेत धरू नये, असे कुणी म्हणेल. मग बॉक्सिंगमध्ये हातमोजे आणि फेऱ्यांचे नियम आले तेव्हा बॉक्सिंग संपली होती का?

भारतात या चर्चेला आणखी एक फाटा फुटतो, आणि तो तितकाच निराधार आहे. कुंगफू मुळात बोधिधर्माने भारतातून नेला, तेव्हा मूळ सोडून नक्कल कशाला शिकायची, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. २०११ मध्ये सूर्या या अभिनेत्याच्या एका तमिळ चित्रपटाने ही समजूत आणखी पसरवली. पण जुन्या नोंदी वेगळेच सांगतात. शाओलिन मठाच्या भिक्षूंनी ६२१ मध्ये पुढे थांग सम्राट झालेल्या ली शिमिन यांना लढाईत मदत केल्याची नोंद मठातल्या ७२८ च्या शिलालेखात आहे. त्या लढाईचा संबंध तिथे बोधिधर्माशी जोडलेला नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला छंग झोंगयू यांनी शाओलिनच्या लाठीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या विद्येच्या उगमाचे श्रेय त्यांनी किन्नर देवतेला दिले, बोधिधर्माला नव्हे. बोधिधर्माची कथा ‘यीजिन जिंग’ या सतराव्या शतकातल्या व्यायामग्रंथाच्या बनावट प्रस्तावनेतून रुजली, हे चिनी इतिहासकार थांग हाओ यांनी १९३० च्या सुमारास दाखवून दिले. बौद्ध धर्म भारतातून चीनला गेला, ही गोष्ट अभिमानाची आहेच. तिच्यापुढे खोटी वंशावळ जोडल्याने ना बोधिधर्माचा मान वाढतो, ना कुंगफू समजतो.

आता आरोग्य. संथ हालचाल म्हणजे सोपी हालचाल, हे गृहीतक मुळातच चुकीचे आहे. ताइचीत शरीराचे सगळे वजन एका पायावर जाते, गुडघा वाकलेला राहतो, दुसरा पाय रिकामा होऊन सावकाश पुढे ठेवला जातो आणि मगच वजन त्यावर सरकते. वेगाने चालताना शरीर पुढच्या झोकावर निभावून नेते. संथ चालीत झोकाचा आधार मिळत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला वाकलेल्या अवस्थेत भार धरून ठेवावा लागतो, घोट्याला क्षणाक्षणाला दुरुस्ती करावी लागते, कंबर वळत असताना पाठीचा कणा सरळ ठेवावा लागतो. म्हातारपणी माणसे पडतात ती वळताना, मागे हात नेताना, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेताना. ताइचीत नेमका त्याच क्षणाचा सराव होतो, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. ज्यांना ‘अंगाला काही लागत नाही’ असे वाटते त्यांनी बसका पवित्रा घेऊन दहा मिनिटे ही चाल करून पाहावी. मांड्या त्यांना उत्तर देतील. एक इशारा मात्र हवा: गुडघा पावलाच्या दिशेबाहेर वळू दिला तर तो दुखावतो, आणि हे न सांभाळणारा शिक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतो.

हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पडण्याचा धोका असलेल्या सत्तर वर्षांवरील ६७० जणांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, सहा महिने ताइची करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी निघाले. दुसऱ्या एका गटाला तोल, ताकद, दमसास आणि लवचीकता असा मिश्र व्यायाम दिला होता. त्यांच्यापेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी होते. ‘त्यापेक्षा साधा व्यायाम करा’ असे सांगणाऱ्यांनी हा दुसरा आकडा नीट वाचावा. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील अभ्यासात ताइचीने तोल सुधारला, तो वजनाच्या व्यायामापेक्षाही जास्त. २०१६ मध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांत तिने फिजिओथेरपीइतकाच गुण दिला. २०१८ मध्ये फायब्रोमायल्जिया या सर्वांगदुखीच्या २२६ रुग्णांत ती एरोबिक व्यायामाच्या तोडीची किंवा त्याहून सरस ठरली. धावण्याचा सल्ला देणाऱ्यांना या माणसांना धावायला लावायचे आहे का?

आणि ज्याला घामच हवा आहे, त्यालाही ही परंपरा निराश करत नाही. चांगच्वान या वेगवान शैलीची स्पर्धेतली मालिका किमान १ मिनिट २० सेकंदांची असते आणि तिच्यात उड्या, गिरक्या, खोल पवित्रे आणि क्षणात थांबणे सलग येते. ती पूर्ण करणाऱ्या खेळाडूची छाती कशी भरून येते, हे पाहिल्यावर ‘नाच’ हा शब्द उच्चारणे कठीण जाईल. टीकाकार बागेतली आजी पाहतात आणि सगळ्या परंपरेचे मोजमाप करतात. ती आजी आणि चांगच्वानचा विशीतला खेळाडू एकाच परंपरेत मावतात, हे त्या परंपरेचे सामर्थ्य आहे.

मनाच्या बाबतीत आरोप आणखी ढोबळ आहे. एकाग्रतेची भाषा पाश्चात्त्य बाजारासाठी जोडली, असे म्हटले जाते. सुन लूतांग यांनी १९१५ मध्ये शिंगयी या युद्धकलेवर पुस्तक लिहिले, तेव्हा हा बाजार अस्तित्वातही नव्हता. त्यात युद्धकला आणि आत्मसंवर्धन एकत्रच मांडलेले आहेत. यांग चंगफू यांची दहा सूत्रे त्यांचे शिष्य चेन वेइमिंग यांनी १९२५ मध्ये छापली, तेव्हा बळापेक्षा मनाच्या रोखाने हालचाल करावी, हे त्यात ठळकपणे आले. वांग श्यांगजाय यांनी तर खांबासारखे निश्चल उभे राहण्याच्या सरावालाच आपल्या यीच्वान या पद्धतीचा पाया केले. एका जागी वीस मिनिटे हात उचलून उभे राहिल्यावर खांदा कुठे आखडला, श्वास कुठे अडला, वजन टाचेवर गेले की चवड्यावर, हे लपून राहत नाही.

‘ची’ची, म्हणजे प्राणशक्तीची, भाषा ज्यांना खटकते त्यांनी ती बाजूला ठेवावी, सराव तसाच उरतो. ठेवण, श्वास आणि लक्ष यांचे एकत्र भान त्या काळी याच शब्दांत सांगितले जात होते. मग डोळे मिटून बसले तर काय वाईट, असा प्रश्न उरतो. काहीच वाईट नाही. पण बसलेल्या माणसाचे मन भरकटले तर ते त्याला स्वतःलाच, तेही उशिरा कळते. तुइशौमध्ये मन भरकटले की पुढच्याच क्षणी समोरच्याचा हात तोल काढून घेतो. इथे लक्षाची परीक्षा दुसरा माणूस घेतो, आणि त्याच्यापुढे सबब चालत नाही. राग आला, ईर्ष्या चढली, खांदे ताठ झाले, की हातांना ते लगेच कळते आणि डाव हातून जातो. भीती आणि राग अंगावर येत असताना शांत राहण्याचा सराव एकांतातल्या आसनावर मिळत नाही. शरीर आणि मन यांना एकाच वेळी, एकाच कृतीत घडवणारा इतका थेट मार्ग क्वचितच सापडेल.

उरला स्वसंरक्षणाचा मुद्दा, आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे. पिंजऱ्यातली लढत समान वजनाच्या, तयार असलेल्या दोन माणसांत, मध्यस्थासमोर, ठरलेल्या वेळी होते. रस्त्यावर यातले काहीच नसते. तिथे मनगट धरले जाते, धक्का दिला जातो, मागून गळ्याभोवती हात येतो, फरशी ओली असते, हल्लेखोर दोन असतात. तिथे जिंकायचे नसते. उभे राहायचे असते, सुटायचे असते आणि निघून जायचे असते. मग ज्या परंपरेत तोल न जाऊ देणे हा पहिला धडा आहे, पकड सोडवण्याचे डाव च्हिन्नाच्या नावाने स्वतंत्रपणे शिकवले जातात, पडताना डोके वाचवणे आणि अंतर ओळखणे हा रोजचा सराव आहे, ती परंपरा स्वसंरक्षणाला निरुपयोगी कशी?

तरीही स्वसंरक्षण पुस्तकातून येत नाही आणि आरशासमोरही येत नाही. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी दोन-तीन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरे होतात. तिथे हवेत ठोसे मारून घेतले जातात आणि प्रमाणपत्र दिले जाते. त्या मुलींना खरा धोका समोर आला तर हातात काय उरणार? हा दोष कराटेचा नाही, कुंगफूचा नाही. प्रतिकार करणारा माणूस समोर न आणण्याचा आहे. सहा महिने, आठवड्यातून दोनदा, धरणाऱ्याने खरोखर घट्ट धरायचे आणि सुटणाऱ्याने खरोखर सुटायचे, एवढे केले तरी शरीराला ते लक्षात राहते. घाबरलेल्या माणसाचे शरीर तेच करते, जे त्याने दबावाखाली अनेकदा केले आहे.

म्हणून चिनी युद्धकला शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गाला एकच प्रश्न विचारावा: इथे जोडीदार कधी समोर येतो, आणि तो खरोखर विरोध करतो का? उत्तर ‘कधीच नाही’ असेल, तर त्या वर्गाने आरोग्याचा वर्ग म्हणून सन्मानाने चालावे, तिथे शिकणाऱ्यांचे गुडघे आणि तोल सुधारतील. पण स्वसंरक्षणाचे नाव घेऊ नये. उत्तर ‘पहिल्या महिन्यापासून’ असेल, तर तिथे तब्येत, लक्ष आणि बचाव हे तिन्ही एकाच सरावातून मिळतात. तिन्ही वेगळे करून तीन ठिकाणी शिकायला लावणाऱ्यांनी त्या वर्गात जावे, तुइशौसाठी हात पुढे करावा आणि मग आपले मत सांगावे.